तेवीस मिनिटांची प्रार्थना

आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांचे दोष सहन करतो. तशी आम्हाला आज्ञाच आहे. फक्त आपण सहन करतोय हे समोरच्याला नीट कळलं पाहिजे, एवढी काळजी आम्ही घेतो. उपासनेला कुणी उशिरा आलं तर आम्ही चकार शब्द काढत नाही. सरकून जागा देतो, आणि देता देता घड्याळाकडे बघतो. कुणी बेसूर गायलं तर त्याच्याकडे वळून प्रेमाने हसतो. त्या हसण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या, असं माझ्या बायकोचं मत आहे.

या कामात मंडळीत माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. माझी नोकरी मोजणी खात्यातली. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात पस्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या. जिथे मी चिखलात उभा राहून भातशेती मोजली तिथे आता पंचवीस-पंचवीस मजले उभे आहेत, आणि ज्यांचं भात होतं ते पांढऱ्या गाडीतून उतरून आपलाच जुना बांध कुठून जायचा ते मला विचारतात. भाऊ भावाच्या हद्दीत किती घुसलाय हे कागदावर दाखवायचं, हे माझं काम. निवृत्त झालो तेव्हा साखळी आणि टेप खात्याकडे जमा केली. सवय जमा करून घ्यायची तिथे सोय नव्हती.

आमची मंडळी डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. चाळीस-पंचेचाळीस माणसं, आठवीच्या मुलांच्या मापाचे बाक. पाळक एकच आणि त्यांच्याकडे ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा तीन मंडळ्या. त्यामुळे पाळक नसतील त्या रविवारी आमच्यातलाच कुणीतरी उभा राहून उपदेश करतो. त्याला आम्ही ‘वार’ म्हणतो. याशिवाय दर बुधवारी कुणाच्या तरी घरी संध्याकाळची प्रार्थनासभा असते. एकामागून एक सगळे मोठ्याने प्रार्थना करतात, आणि शेवटची प्रार्थना काकांची.

काका कळव्याला राहतात. वय चौऱ्याहत्तर. एका कारखान्यात फिटर होते. बायको गेली, मुलगी सासरी, कानाला मशीन, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माणूस अगदी गरीब स्वभावाचा. पण प्रार्थनेला उभा राहिला की बसायचं विसरायचा. मी अर्थातच मोजलं होतं. कमीत कमी एकोणीस मिनिटं, जास्तीत जास्त एकतीस, सरासरी तेवीस. सुरुवात राज्यकर्त्यांपासून. मग आजारी, मग प्रवासात असलेले, मग नावं. त्या नावांना अंत नसायचा. “प्रभू, त्याचं दहावीचं वर्ष आहे, त्याच्या गणिताकडे लक्ष दे,” असं काका कळवळून म्हणायचे, आणि ज्याच्या गणितासाठी हे चाललेलं असायचं तो मागे भिंतीला टेकून स्वतःच्या दोन मुलांना चिडीचूप बसवत असायचा. तो बँकेत मॅनेजर झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

ज्या घरी सभा असेल त्या घरच्या बाईने मात्र या प्रार्थनेवर स्वयंपाकघर लावून घेतलं होतं. काका उभे राहिले की ती पावलं न वाजवता आत जायची. राज्यकर्त्यांना तेल तापायचं, आजाऱ्यांना वड्यांचा पहिला घाणा पडायचा, प्रवाशांपर्यंत चहाचं आधण यायचं. बाकीचे आम्ही डोळे मिटून वास घेत आमेनची वाट बघायचो. पंचवीस वर्षं हे असं चाललं होतं, आणि पंचवीस वर्षं आम्ही ते सहन करत होतो.

मग पाळकांचा फोन आला. “पुढच्या रविवारी तुमचा वार. विषय दिलाय, एकमेकांचे दोष सहन करणे.”

मला मनापासून आनंद झाला. या विषयावर मंडळीला कुणीतरी चार शब्द सुनावायला हवेच होते, आणि माझ्याइतकी तयारी कुणाची होती? एरवी मी उपदेश लिहायला शनिवारी दुपारी बसतो. या वेळी मंगळवारीच पाच पानं भरली. बायको मेथी निवडत बसली होती, तिला वाचून दाखवली.

“अहो, हा उपदेश आहे की मोजणीचा नकाशा?” ती म्हणाली.

“कुणाचंही नाव घेतलेलं नाही.”

“चाळीस माणसांत नाव कशाला लागतं?”

मी तिला म्हटलं की तुला भाषणकलेतलं काही कळत नाही. ती पुन्हा मेथीकडे वळली. तिच्या पोटात त्या आठवड्यातही दुखत होतं, पण ते मला नंतर कळलं.

रविवारी मी उभा राहिलो. पेटी सुरू व्हायच्या आधीच गाणं सुरू करणाऱ्या एका भगिनीचा उल्लेख केला. हॉलच्या समोरच्याच इमारतीत राहून अगदी शेवटच्या आशीर्वादाच्या वेळेला पोचणाऱ्या एका कुटुंबाचा केला. उपदेशात झोपणाऱ्या एका बंधूंचा केला, तेव्हा ते झोपलेलेच होते. हॉल खूश होता. प्रत्येक जण मान वळवून दुसऱ्या कुणाकडे तरी बघत होता. मग मी काकांवर आलो. “आणि काही बंधू प्रार्थनेला उभे राहतात, तेव्हा स्वर्गात देवदूतसुद्धा एकमेकांना म्हणत असतील, खुर्च्या मागवा रे.”

हॉल हसला. पोरं तर बाकावर हात आपटून हसली. काकाही हसले. मशीनमुळे त्यांना जरा उशिराच पोचतं, म्हणून सगळ्यांच्या मागून हसले. मग शेजारच्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. हसू त्यांनी तसंच चेहऱ्यावर ठेवलं आणि खाली बघत राहिले.

मी ते पाहिलं. पाहूनही थांबलो नाही. “तरी आपण सहन करतो,” मी म्हटलं, “कारण प्रभूने आधी आपल्याला सहन केलं आहे.” हे वाक्य खरंच आहे. इतकं खरं वाक्य मी दगडासारखं माणसाच्या डोक्यात घालायच्या कामी वापरलं.

उपासना संपल्यावर हात मिळवायला रांग लागली. गाणाऱ्या बाई म्हणाल्या, “बरं झालं, काकांना कुणीतरी बोललं.” समोरच्या इमारतीतले गृहस्थ आशीर्वादाला आलेले, पण उपदेश कुणाकडून तरी ऐकून घेऊन म्हणाले, “त्या बाईंना बोलायलाच पाहिजे होतं, भारी झालं.” झोपणारे बंधू ताजेतवाने दिसत होते. स्वतःचं माप स्वतःला लावून बघितलं असेल तर एकट्या काकांनी. ते सगळ्यात शेवटी आले. “साहेब, बरोबर बोललात,” ते म्हणाले. “मला इतकी वर्षं कळलंच नाय. मी सुधारतो.” मी त्यांचा हात दाबला आणि मोठेपणाने म्हटलं, “अहो काका, तसं काही मनात आणू नका.”

बुधवारची सभा गाणाऱ्या बाईंकडे, कल्याणला होती. आमच्या सगळ्यांच्या प्रार्थना झाल्या. काका उभे राहिले. बाई उठून आत गेल्या आणि गॅस पेटल्याचा आवाज आला. काका म्हणाले, “प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे. आमेन.” आणि बसले.

नऊ सेकंद. घड्याळ मी सवयीने लावलेलंच होतं.

थोडा वेळ कुणी डोळेच उघडले नाहीत. काका मध्ये श्वास घेत असतील असं वाटलं. मग एकेकाने एकेक डोळा उघडला. आत तेल गार, वडे कच्चे. आम्ही वीस मिनिटं एकमेकांची तोंडं बघत बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की या माणसांशी डोळे उघडे ठेवून बोलायला माझ्याकडे काही नाही. कुणीतरी हवेबद्दल बोललं. कुणीतरी पुलाच्या कामाबद्दल बोललं, पण ते काम आमच्या आधीपासून चालू असल्यामुळे त्यातही नवीन काही निघालं नाही.

पुढचे तीन बुधवार तसेच गेले. मला वाईट वाटलं असं इथे लिहिलं तर शोभून दिसेल, पण नाही वाटलं. मंडळीत एक सुधारणा घडवून आणली अशा तोऱ्यात मी होतो. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी लिहिलंही होतं की हल्ली सभा वेळेत संपतात, त्याला सोळा अंगठे आले होते. बायकोने अंगठा दिला नव्हता.

त्यानंतर बायकोच्या दुखण्याचं कळलं. गर्भाशयात गाठ होती. डॉक्टरांनी चित्र दाखवलं, बोट ठेवून तिची लांबी-रुंदी सांगितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुठलंही माप ऐकायला नको झालं. गाठ काढायची, मग तपासायला पाठवायची, ती कसली आहे ते त्यानंतरच कळणार. माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात दिवस ठरला. बायको घरी आली आणि नेहमीसारखी कुकर लावायला गेली. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला तरी ती तिथेच ओट्याला धरून उभी.

“काकांना बोलवा,” ती म्हणाली. “ऑपरेशनच्या आधी. प्रार्थनेला.”

“पाळकांना बोलावतो ना.”

“पाळक चांगले आहेत. पण त्यांना तीन मंडळ्या आहेत. काकांच्या प्रार्थनेत काही राहत नाही हो. मला भीती वाटतेय. काही राहायला नको.”

लग्नाला चौतीस वर्षं झाली. मला भीती वाटतेय, असं तिने मला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तिला भीती का वाटू नये याची कारणं सांगत बसलो असतो, हेही तिला ठाऊक असणार.

काकांना फोन करायला मला दोन दिवस लागले. केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “येतो ना साहेब. कुठला मजला?”

ऑपरेशन साडेदहाला होतं. काका पावणेनऊलाच आले. कळव्याहून दोन रिक्षा बदलून आले होते, शर्ट इस्त्रीचा होता. खोलीत आम्ही तिघंच. बायको हिरव्या गाऊनमध्ये, हातात सुई, केसांना हॉस्पिटलची टोपी. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने डोळे मिटले आणि उशीवर नीट सरकून घेतलं, लांबच्या प्रवासाला बसावं तसं.

“प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे,” काका म्हणाले. “या बहिणीला सांभाळ. आमेन.”

बायकोने डोळे उघडले. तिने काकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं होतं, आणि आता ते कुठून परत आणायचं हे दोघांनाही कळत नव्हतं.

“एवढंच, काका?” ती हळूच म्हणाली.

“दोष होता ताई माझ्यात,” काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्या बोलण्यात तो असतोच, म्हणून मी शोधून बघितला. “लोकांना त्रास व्हायचा. आता सुधारतोय.”

सुधारलेला माणूस समोर उभा होता. आता बोलणं मला भाग होतं. माझी जीभ एरवी कधी अडत नाही, तेव्हा अडली. “काका,” मी म्हटलं, “नेहमीसारखी करा.”

“वेळ आहे का साहेब?”

“आहे. भरपूर आहे.”

“बघा हां. त्रास नको कुणाला.”

“काका, प्लीज करा.”

तेव्हा काकांनी खिशातून एक पुठ्ठा काढला. जुन्या कॅलेंडरचा, मधोमध घडी घालून मऊ पडलेला. दोन्ही बाजूंना बारीक अक्षरात ओळीच ओळी. पंचवीस वर्षं हा पुठ्ठा दर बुधवारी त्यांच्या हातात होता. बाकीच्यांनी डोळे मिटलेले असायचे, आणि माझे उघडे असायचे ते घड्याळाकडे.

“हे काय?” मी विचारलं.

“विषय. कोण कोण येऊन सांगतं ना, काका, एवढ्यासाठी प्रार्थना करा. लिहून ठेवतो. डोक्यात राहत नाय आता.”

“पण त्या दहावीच्या मुलाचं तर कधीच झालं, काका. तो मॅनेजर आहे.”

“हां, बघतो ना मी त्याला. पण सांगितलंय कुठे कोणी? त्याच्या आईनं विषय दिलेला, तिनं येऊन सांगायला पाहिजे, झालं म्हणून. मागायला सगळे आले. झालं ते सांगायला कोणी आलेलं नाय. मी माझ्या मनानं कसं खोडू?” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. नळाचं पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं सांगितलं.

तर ती तेवीस मिनिटं आमचीच होती. आम्ही सगळ्यांनी मिळून ती लांबवली होती, आणि वर त्यांनाच सहन करत होतो.

काकांनी पुन्हा हात ठेवला आणि सुरुवात केली. आधी बायकोची गाठ, मग डॉक्टरांचे हात, भूल देणारा माणूस, सुया, रक्त, पडद्यामागची नर्स. मग पुठ्ठ्यावरची माणसं एकेक करून आली. बायकोचा चेहरा सैल पडत गेला. मी हाताची घडी घातली, म्हणजे घड्याळ झाकलं. त्यात माझं कौतुक काही नाही, मला ते बघायची भीती वाटत होती. मग काकांचा आवाज जरा खाली आला.

“आणि प्रभू, या बहिणीनं दिलेला विषय. हिच्या मालकांची जीभ. आता बारा वर्षं व्हायला आली. तू घाई करत नाहीस, मग आम्हीपण करत नाही.”

“आमेन,” बायको म्हणाली. प्रार्थना अजून बरीच बाकी होती. डोळे मिटूनच म्हणाली, पण इतकं स्पष्ट, की दारातून आत येणारी नर्स जागच्या जागी थांबली.

मी माझ्या बुटांकडे बघत उभा राहिलो. मला लाज वाटली. रागही आला, खोटं कशाला बोलू. माझ्यामागे दर बुधवारी माझ्यासमोरच हे चाललं होतं आणि मी खुशाल घड्याळ लावून ते ऐकत होतो. माझं नाव काका कधी घेत नसत. “एका बहिणीचा विषय, तिच्या घरातली जीभ” एवढंच म्हणत. चाळीस माणसांत नाव लागत नाही, तरी मला ते कधी ओळखता आलं नव्हतं. मी सहन करणाऱ्यांच्या बाजूला बसलोय असं धरून चाललो होतो. ती बाजूच नव्हती. एक बाई आणि एक म्हातारा माणूस बारा वर्षं कुणाला पत्ता लागू न देता मला ओढत आणत होते, आणि मी एखाद्याचं काही उचललं की त्याचं वजन सगळ्यांना सांगत फिरत होतो.

ऑपरेशन नीट झालं. रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी घरात फार कमी बोललो. बायकोने कपाळाला हात लावून मला ताप आहे का ते बघितलं. आठव्या दिवशी रिपोर्ट हातात आला. गाठ साधी होती. मी लॅबच्या जिन्यात बसलो आणि रडलो. मग बायकोला फोन केला, आणि घरी न जाता तसाच कळव्याला गेलो.

काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, पलंगावर धुतलेली चादर. त्यांनी पाणी दिलं. मी म्हटलं, “काका, सांगायला आलोय. गाठ साधी निघाली.”

त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मशीन नीट बसवलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाले, “सांगायला आलात साहेब,” आणि रिपोर्टपेक्षा मी जिना चढून आल्याचंच त्यांना जास्त अप्रूप वाटतंय असं मला दिसलं.

“आणि अजून एक,” मी म्हटलं. “त्या रविवारी मी तुमची चेष्टा केली. उपदेशाच्या नावाखाली.”

“हो, केलीत,” काका म्हणाले.

अहो, तसं काही नाही, असं ते म्हणतील या हिशेबाने मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. “माफ करा,” एवढंच म्हटलं.

“ते तेव्हाच केलंय,” ते म्हणाले आणि पुठ्ठा घेऊन बसले. बायकोची ओळ शोधली. खिशातलं पेन काढून त्यांनी ती सावकाश, पट्टी न लावता, पण सरळ खोडली. खोडून झाल्यावर पुठ्ठा लांब धरून बघितला. मग उलटा करून दुसऱ्या बाजूला वरून तिसऱ्या ओळीवर पेन आणलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“हा पण खोडायचा का साहेब?”

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता. तो बंद होईपर्यंत मी विचार केला.

“नको काका,” मी म्हटलं. “तो राहू द्या.”